वरचा मजला

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना उजव्या हाताला
जी अर्धी निळी, अर्धी नुसत्या सिमेंटची इमारत दिसते,
ती आमची.
म्हणजे माझी, निपाणीच्या शकील मुजावरची
आणि बँकेची.
बँकेची जास्त.

पूर्वी तिथं लॉज होतं, ट्रॉलरवरचे खलाशी झोपायचे.
आम्हाला वाटलं, बारा खोल्या, बारा एसी,
खिडकीत समुद्र, सकाळी घावणे.
शकीलनं सगळा हिशेब कागदी रुमालावर मांडला होता.
तो रुमाल मी जपून ठेवलाय दुकानात,
मुदत संपलेल्या गोळ्यांच्या खोक्यात.

पहिला कंत्राटदार गोव्याला लग्नाला गेला.
लग्न अजून चालू आहे.
दुसरा कशालाही नाही म्हणायचा नाही.
प्लंबिंग? होतला.
परवानगी? होतली.
फक्त बिल तेवढं
झालेलं असायचं.

मग रत्नागिरीहून इंजिनिअर आली, मृण्मयी तोडणकर.
जिन्याखालच्या खांबावर तिनं हातोडीनं ठोकलं
आणि कान लावून ऐकत राहिली.
पुन्हा ठोकलं. टवका पडला.
आतली सळई तिनं नखानं खरवडली,
तांबडा भुगा माझ्या तळहातावर ठेवला.
वाळू खाडीची होती, म्हणाली, न धुतलेली.
म्हणजे समुद्र पहिल्या दिवसापासून आतच होता,
आम्ही उगीच
खिडक्या मोठ्या करत बसलो.

त्यानंतर जो तो वाट दाखवायला लागला.
दलाल म्हणाला, जागेचा भाव देतो,
त्यातून पाडायचा खर्च वजा.
बँकेतला साहेब म्हणाला, हप्ते लांबवू,
आणि कागदावर माझं वय लिहिताना
जरा थांबला.
सावंतवाडीचा एक हॉटेलवाला भागीदार व्हायला तयार होता,
एकावन्न टक्के त्याचे, नावही त्याचंच,
आम्ही उद्घाटनाला यायचं.
मेहुण्यानं फोनवर हळूच सांगितलं,
पुट्टी मार, वर रंग मार,
मार्चच्या आत पुण्याचं गिऱ्हाईक काढ.
कोण खांब खरवडून बघतंय?

मी पंचवीस वर्षं औषधं विकते.
पट्टीवरची तारीख कशी पुसायची
मला माहीत आहे.
म्हणूनच फोन ठेवला.

तोडणकर बाईंनी शेवटी जे सांगितलं
ते आम्हाला कुणालाच नको होतं:
वरचा मजला उतरवा.
खांबांवरचं ओझं हलकं करा, खाली नवी सळई बांधा,
सहा खोल्या वाचतील.
सहाच का? शकीलनं विचारलं.
सहा तरी, ती म्हणाली.

शकील काही न बोलता जिना चढून स्लॅबवर गेला.
नमाजाला गेला असेल म्हणून मी खालीच थांबले,
मग त्यानं वरूनच हाक मारली.

अख्खा स्लॅब गुलाबी होता.
गोलमो पसरलेला, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत,
आणि कावळ्यांना हाकलत
मंजुळा गिरप काठी घेऊन बसलेली.
चार महिने सुकवतेय म्हणे.
दुसऱ्या कंत्राटदाराला भाडंही देत होती,
महिना दोनशे.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.
वीस महिन्यांत या इमारतीनं
काहीतरी कमावलं होतं
आणि तेही आमच्यापासून लपवून.

तिनं कमरेची पिशवी सोडली,
या महिन्याचे दोनशे माझ्या हातात ठेवले.
नोटा ओलसर, वासाच्या.
मी त्या वहीत घातल्या, जमेच्या पानात,
जिथं आजवर फक्त
पेन चालतंय का ते बघायला मारलेल्या रेघा होत्या.

खालचं बोलणं तिला ऐकू गेलं होतं.
वयलो मजलो पाडतलात? तिनं विचारलं.
मगे खालचो स्लॅब ऱ्हवतलो मा?
हयसर वारो बरो लागता.

शकीलनं तोंड उघडलं,
आणि मला धास्ती बसली
की आता हाही
होतला म्हणणार.